छोटा कॅमेरा, मोठा पडदा

मुंबईच्या रस्त्यावर चित्रपटाचा अवजड कॅमेरा उभा राहिला की बघ्यांची गर्दी जमायला वेळ लागत नाही. जुहू आणि धारावीच्या वस्त्यांत ‘स्लमडॉग मिलिअनेर’चे (२००८) चित्रीकरण करताना दिग्दर्शक डॅनी बॉयल आणि छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी त्यावर उपाय शोधला तो ‘एसआय-टूके मिनी’ या चिमुकल्या डिजिटल कॅमेऱ्याचा. लेन्स व सेन्सरचा भाग हातात मावणारा, तर चित्रे नोंदवणारा संगणक केबलने जोडून पाठीवरच्या पिशवीत! त्यामुळे पळणाऱ्या मुलांच्या मागे अरुंद बोळांतून धावणे शक्य झाले. २००९ मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट छायांकनाचे ऑस्कर मिळाले. प्रामुख्याने डिजिटल पद्धतीने चित्रित झालेल्या चित्रपटाला हा मान प्रथमच लाभला.

घरगुती व्हिडिओ कॅमेरा आणि सिनेमा कॅमेरा यांतील खरा फरक आकाराचा नाही, तर चित्र साठवण्याच्या पद्धतीचा आहे. घरगुती कॅमेरा रंग व उजेड स्वतःच ठरवून टाकतो. सिनेमा कॅमेरा मात्र सेन्सरने टिपलेली माहिती शक्य तितक्या कच्च्या, म्हणजे ‘रॉ’ स्वरूपात राखतो. रंगांचा अंतिम निर्णय नंतर होतो. दुसरा निकष ‘डायनॅमिक रेंज’चा. ती ‘स्टॉप’मध्ये मोजतात आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. खोलीतला काळोख आणि खिडकीबाहेरचे ऊन एकाच चौकटीत सांभाळायचे, तर हा पल्ला मोठा हवा.

२०१३ मध्ये आलेल्या ‘ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा’ने १३ स्टॉपचा पल्ला ९९५ डॉलरमध्ये देऊ केला. ‘द क्रिएटर’ (२०२३) हा भव्य विज्ञानपट मुख्यत्वे ज्यावर चित्रित झाला, त्या सोनीच्या ‘एफएक्स३’चे वजन बॅटरीसह सुमारे ७१५ ग्रॅम आहे. बॉयल-मँटल जोडीने तर ‘२८ इयर्स लेटर’साठी (२०२५) आयफोनही वापरला.

या सोयीला दुसरी बाजूही आहे. छोट्या कॅमेऱ्यात उष्णता लवकर साठते, बॅटरी वारंवार बदलावी लागते. ३५ मिलिमीटर फिल्मचे ४०० फुटी रीळ साडेचार मिनिटांत संपे. त्यामुळे तालमीशिवाय कॅमेरा सुरू करण्याची चैन परवडत नसे. मेमरी कार्डाने तो धाक काढून घेतला आणि निवडीचा भार संकलकावर टाकला. शिवाय दिवसभराचे काम एका कार्डावर असल्याने त्याच्या किमान दोन प्रती तातडीने काढाव्या लागतात. चांगल्या लेन्स, प्रकाशयोजना आणि ध्वनिमुद्रण यांचा खर्चही कॅमेऱ्याबरोबर घटलेला नाही.

तरीही नवोदित दिग्दर्शकाच्या वाटेतला एक मोठा अडसर दूर झाला आहे. कॅमेरा परवडत नाही, ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही.