जोर लावू नका : एका न बोललेल्या दुखण्याचा इतिहास

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की वरणगाव मागे पडल्यावर थोड्या वेळात बोदवड येतं. कापसाचा मुलूख आणि पाण्याची कायमची ओढाताण. डब्यातल्या संडासाच्या दाराशी, स्टेशनबाहेरच्या भिंतीवर, एसटी स्टँडच्या खांबावर एक जाहिरात हमखास दिसते : मूळव्याध, भगंदर, फिशर, ऑपरेशनशिवाय, गॅरंटीने. खाली मोबाइल नंबर. डॉक्टरचं नाव कधी असतं, कधी नसतं. पदवी बहुतेक वेळा नसतेच.

आपण ती जाहिरात वाचून न वाचल्यासारखं करतो. ज्याला दुखत असतं तो मात्र आजूबाजूला बघून नंबर सेव्ह करतो, तोही भलत्याच नावाने.

ही गोष्ट त्या जाहिरातीतल्या तिसऱ्या शब्दाची आहे. तो इंग्रजी आहे, कारण मराठीत या दुखण्याला आज रोजच्या वापरातलं नावच नाही. सगळं एका पोत्यात : मूळव्याध. आणि दुखण्याला नीट नाव नसलं की त्याचं काय होतं, हे या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

तीन वेगळी दुखणी

मूळव्याधीत गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात. रक्त जातं, पण सहसा फारसं दुखत नाही. भगंदर म्हणजे आतून बाहेरच्या कातडीपर्यंत तयार झालेलं पू वाहणारं भुयार. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. बहुतेकांना ती मागच्या बाजूला, अगदी मधोमध पडते. लांबी जेमतेम सेंटीमीटरभर, पण दुखणं असं की संडासला बसताना काच कापत गेल्यासारखं वाटतं आणि उठल्यावर तासन्‌तास ठणका राहतो.

चीर जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा एक छोटा फुगवटा येतो. हाताला तो लागतो आणि माणूस म्हणतो, ‘मोड आला, म्हणजे मूळव्याधच.’ गोंधळ इथूनच सुरू होतो. मग कोणी तो मोड दोऱ्याने बांधतो, कोणी जाळतो, कोणी कापतो. मोड जातो, पण चीर तिथेच राहते.

कात्री आणि परिकर्तिका

आपल्याकडे या दुखण्याला पूर्वीही नाव नव्हतं, असं मात्र नाही. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये ‘परिकर्तिका’ हा शब्द येतो. ‘परि’ म्हणजे सभोवती आणि ‘कृत्’ म्हणजे कापणे. ज्या धातूतून आपली कात्री आली, कातरणं आलं, त्यातूनच हा शब्द आला. सगळीकडून कातरल्यासारखी वेदना, असा त्याचा अर्थ. त्या ग्रंथांतली परिकर्तिका म्हणजे तंतोतंत आजचं फिशर, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण कापल्यासारखी तीव्र वेदना आणि सोबत रक्त, हे वर्णन ज्याने भोगलंय त्याला ओळखीचं वाटेल. आजचे वैद्यही फिशरसाठी हाच शब्द वापरतात.

त्याहून महत्त्वाचं आहे ते हे नाव संहितेत कुठे येतं ते. चरकसंहितेत परिकर्तिका येते वमन-विरेचनाच्या उपद्रवांच्या यादीत. म्हणजे उपचारातून होणाऱ्या त्रासांमध्ये! थकलेल्या, अशक्त किंवा हलक्या कोठ्याच्या माणसाला जालीम जुलाब दिला तर हे दुखणं होतं, असं तिथे सांगितलं आहे. ‘एकदा पोट खडखडीत साफ झालं की सगळं बरं’ असं मानून दर आठवड्याला जुलाबाची गोळी घेणाऱ्यांनी हे वाचण्यासारखं आहे. आधुनिक वैद्यकही सांगतं की चीर कडक मळानेच पडते असं नाही, सततच्या जुलाबानेही पडू शकते.

सुश्रुताचा उपाय उलट दिशेचा आहे. जेष्ठमध आणि काळ्या तिळांचा कल्क मध-तुपात मिसळून दिलेला बस्ती, तेलातुपाने वंगण, दुधाचा सौम्य आहार. शस्त्रक्रियेसाठी जगभर ज्याचं नाव घेतलं जातं तो सुश्रुत इथे शस्त्र उचलत नाही. तो भाग मऊ करतो आणि वाट बघतो.

काश्यपसंहितेत तर गर्भवतीच्या परिकर्तिकेचा वेगळा विचार आहे. हा ग्रंथ नेपाळमध्ये सापडलेल्या हस्तलिखितावरून 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने छापला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बायकांना चीर पडण्याची शक्यता जास्त असते, ही गोष्ट आज कुठलीही स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल. पण आपल्या कित्येक घरांत अजूनही बाळंतिणीला पाणी बेतानेच देतात आणि तिचं संडासचं दुखणं ‘होतंच ते’ म्हणून सोडून देतात.

पॅरिस, लंडन आणि एक आवळलेला स्नायू

युरोपात या चिरेचा नीट विचार सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकात. 1818 मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सी ब्वाये यांनी मांडलं की खरी अडचण चिरेत नसून तिच्याभोवती आवळून बसलेल्या स्नायूत आहे. निदान अगदी मार्मिक होतं. उपाय मात्र भयंकर : तो स्नायूच कापायचा. भूल देण्याची पद्धत 1846 नंतर रुळली, हे लक्षात घ्या. त्यांच्यानंतर रेकामिये यांनी कापण्याऐवजी बोटांनी स्नायू ताणून सैल करायची पद्धत आणली. तिचे वेगवेगळे अवतार पुढे शंभर-सव्वाशे वर्षं जगभर चालले. दुखणं थांबायचं, पण काहींचा मळावरचा ताबाही जायचा.

लंडनमध्ये 1835 साली फ्रेडरिक सामन या डॉक्टरने सात खाटांचा एक दवाखाना काढला. भगंदर आणि गुदाशयाच्या इतर रोगांनी पीडित गरिबांसाठी, असं त्याच्या नावातच स्पष्ट लिहिलेलं होतं. ज्या आजाराचं नाव घ्यायला लोक लाजत होते, ते त्याने पाटीवर लावलं. लेखक चार्ल्स डिकन्स यांच्यावर 1841 मध्ये भगंदराची शस्त्रक्रिया सामन यांनीच केली. तो दवाखाना पुढे सेंट मार्क्स हॉस्पिटल म्हणून प्रसिद्ध झाला.

गुदद्वाराला दोन स्नायूंची कडी असतात. बाहेरचं आपल्या ताब्यात असतं. आतलं आपलं ऐकत नाही, ते आपोआप चालतं. 1951 मध्ये आयझेनहॅमर या दक्षिण आफ्रिकेतल्या सर्जनने दाखवलं की आवळून बसतं ते आतलं कडं, आणि त्याचाच थोडा भाग कापला तरी पुरतं. पुढे हा छेद चिरेवर न घेता बाजूला घेतला जाऊ लागला. जुनाट फिशरवर आजही सर्वांत खात्रीची शस्त्रक्रिया हीच आहे. दहातले नऊहून जास्त रुग्ण बरे होतात, पण ताबा थोडा सैल होण्याचा धोका काही जणांना राहतोच.

हा स्नायू आवळला की त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो. रक्त नाही म्हणून चीर भरत नाही. चीर दुखते म्हणून स्नायू आणखी आवळतो. दुखेल या भीतीने माणूस संडासला जायचं टाळतो, मळ आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा उघडते. सगळं दुखणं या चक्रात आहे.

1994 मध्ये त्याच सेंट मार्क्समधल्या डॉक्टरांनी विचारलं : स्नायू न कापता, औषधानेच काही काळ सैल केला तर? त्यांनी वापरलं नायट्रोग्लिसरीनचं मलम. म्हणजे आल्फ्रेड नोबेलने ज्याचा डायनामाइट बनवला तोच पदार्थ. हृदयविकारात तो 1879 पासून वापरात होता, कारण तो रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतो. इथेही तो तेच करतो, रक्त पोहोचतं आणि चीर भरू लागते. डोकेदुखी हा त्याचा मोठा तोटा. म्हणून पुढे डिल्टियाझेमचं मलम आलं, जे आज आपल्याकडचे डॉक्टर सर्रास लिहून देतात.

सुश्रुताचं तूप आणि 1994 चं मलम यांच्यात औषध म्हणून काहीच साम्य नाही. पण मधल्या काळात ताणून, फाडून, कापून झाल्यावर वैद्यक पुन्हा त्याच शहाणपणाशी आलं : इथे जोर चालत नाही.

नागपूरचा प्रयोग आणि बोदवडचं पाणी

आता बोदवडच्याच रेल्वेमार्गावर पुढे नागपूरला जाऊ. तिथले शल्यचिकित्सक प्रवीण गुप्ता यांनी फिशरवर केलेले दोन अभ्यास आपल्यासाठी फार कामाचे आहेत.

पहिला मिरचीचा, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला. ताजी चीर पडलेल्या रुग्णांना एक आठवडा मिरचीपुडीच्या कॅप्सूल आणि एक आठवडा नकली कॅप्सूल दिल्या. कुठल्या आठवड्यात काय, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. मिरचीच्या आठवड्यात दुखणं आणि जळजळ वाढली. शेवभाजी आणि भरिताच्या मुलखात हे वाचायला कडू वाटेल. मिरचीने फिशर होतं असं याने सिद्ध होत नाही. पण चीर असेपर्यंत मिरची बाजूला ठेवा, एवढं नक्की सिद्ध होतं.

दुसरा अभ्यास 2006 चा, कोमट पाण्याच्या टबात बसण्याबद्दल. हा सल्ला प्रत्येक डॉक्टर देतो. रुग्णांना त्याने बरं वाटलं, पण टबात बसलेले आणि न बसलेले यांच्या दुखण्यात ठळक फरक पडला नाही.

बोदवडसाठी हा निष्कर्ष साधा नाही. हा तालुका केळीच्या हिरव्या पट्ट्यातला नाही. तापी-पूर्णेचं पाणी उत्तरेला राहतं आणि इथे नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. ज्या योजनेला लोक नुसतं ‘ओडीए’ म्हणतात, तिच्या पाण्याच्या पाळीवर घरातली कामं ठरतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अशा घरात दिवसातून दोन-तीनदा टबभर पाणी कोण वापरू देणार? आणि का हवंय, हे सासूला किंवा सुनेला सांगणार कोण? म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं : टब जमला तर उत्तम, नाही जमला तर उपचार अडत नाही. ते पाणी प्या.

कारण या भागात चिरेची सुरुवात बऱ्याचदा तहानेतूनच होते. कापूस वेचायला गेलेली बाई दिवसभर पाणी कमी पिते, कारण शेतात आडोसा नसतो. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग 2018 च्या एप्रिलमध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण घरी संडास बांधला म्हणून त्यात टाकायला पाणी येत नाही, आणि शेतात तर संडासही नसतो. ती आवरून धरते. आतडं मळातलं पाणी शोषत राहतं. संध्याकाळी घरी येईपर्यंत मळ दगड झालेला असतो.

नंबर सेव्ह करण्याआधी

लाज आणि चुकीचं नाव या दोन गोष्टींवर भिंतीवरच्या जाहिरातीचा धंदा उभा आहे. नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा महाराष्ट्रात 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी लोक जातात, कारण तिथे कोणी नाव विचारत नाही आणि एकाच फेरीत काम होतं म्हणतात. ‘क्षार’ हा शब्दही तिथे सहज फेकला जातो. बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात क्षारसूत्राचं पुनरुज्जीवन केलं, आणि 1991 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा त्यावरचा मोठा अभ्यासही प्रसिद्ध झाला. पण तो भगंदराचा होता. फिशरच्या चिरेवर कोणीतरी कसलंसं दाहक रसायन लावणं, याच्याशी त्या संशोधनाचा काही संबंध नाही.

खरा उपचार कंटाळवाणा वाटावा इतका साधा आहे. ताजी चीर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप भरते. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, पालेभाजी, सालीसकट डाळी. रात्री इसबगोल, पण भरपूर पाण्यासोबत, नाहीतर तेच घट्ट बसतं. कळ आली की लगेच जायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा आणि कुंथायचं नाही. सहा-आठ आठवड्यांत बरं वाटलं नाही तर मलम, आणि त्यानेही नाही झालं तर शस्त्रक्रिया. रक्त जात राहिलं, वजन उतरलं, ताप किंवा पू आला, चीर मधोमध नसून बाजूला निघाली, किंवा वय चाळिशीपुढे असताना संडासची सवय अचानक बदलली, तर थांबू नका. तपासणी हवीच, कारण आतडीचा कॅन्सरही कधीकधी ‘मूळव्याध’ या नावाखाली वर्षभर लपून राहतो.

बोदवडला सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. जळगावला 2018 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे केसपेपर काढताना एक वाक्य बोलावं लागतं : ‘संडासच्या जागी चीर पडलीय, दुखतं.’ सामन यांनी 1835 मध्ये जे पाटीवर लिहिलं, ते आपल्याला फक्त खिडकीपाशी हळू आवाजात म्हणायचं आहे. आणि घरात आई, वहिनी किंवा नुकतीच बाळंत झालेली बहीण संडासहून आल्यावर भिंतीला टेकून गप्प उभी दिसली, तर ते वाक्य तिच्या वतीने तुम्ही म्हणा.