मुलाला विंचू चावला तर: रडण्याकडे नको, घामाकडे लक्ष द्या

विंचू चावल्यावर मूल जोरात रडत असेल तर घरचे घाबरतात आणि ते शांत झालं की निर्धास्त होतात. हा अंदाज उलटा पडू शकतो. दंशाची जागा असह्य ठणकते आहे, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय गरम आहेत, अशा मुलाला सहसा धोका कमी असतो. याउलट दुखण्याची फारशी तक्रार नाही, पण अंग घामाने भिजलं आहे, उलट्या होत आहेत, हातपाय गार पडले आहेत, असं मूल गंभीर आहे. त्याला लगेच रुग्णालयात न्यायला हवं.

शहरात विंचू कुठून येणार, असं पिंपरी-चिंचवडमध्ये अनेकांना वाटतं. चाकण, म्हाळुंगे, कुरुळीकडे मात्र कारखान्यांना लागूनच पत्र्याच्या खोल्या, मजुरांच्या वस्त्या, विटा-दगडांचे ढीग आणि माळरान आहे. उकाड्यात आणि पावसाळ्याच्या आगेमागे विंचू बाहेर पडतात आणि मुलं जमिनीवर झोपलेली असतात. वडील रात्रपाळीला गेलेले, आई एकटी. शेजारचं कुणीतरी विंचू उतरवणाऱ्याचं नाव सांगतं. त्यात दोन तास जातात. हे दोन तासच महागात पडतात.

विष काय करतं?

आपल्याकडचा घातक विंचू म्हणजे लाल विंचू. त्याची नांगी जाड, पण पुढचे आकडे बारीक असतात. मोठ्या काळ्या विंचवाला लोक जास्त घाबरतात, पण तो सहसा फक्त दुखवतो. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना सतत चेतवत राहतं, त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. पुढे हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठतं. मोठ्या माणसाला आणि दहा किलोच्या बाळाला विष तेवढंच मिळतं, म्हणून मुलांमध्ये धोका जास्त.

या आजाराचा उपचार महाराष्ट्रातच उभा राहिला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्र रात्र बसून लक्षणांची नोंद ठेवत. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध रक्तवाहिन्यांवरचा हा ताण सोडवतं, हे त्यांनी दाखवलं. ‘लॅन्सेट’मध्ये ते 1986 साली छापून आलं. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. पुढे 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा 70 रुग्णांचा अभ्यास आला. प्राझोसिनसोबत विंचवाची लस (विषविरोधी इंजेक्शन) दिलेल्या 35 पैकी 32 जण 10 तासांत पूर्ण बरे झाले; नुसतं प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी 8. सापाची लस मात्र विंचवावर चालत नाही.

घरी काय करायचं?

फार काही नाही. मुलाला आडवं ठेवा, दंशाच्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ धरा आणि निघा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. जागा कापू नका, करकचून बांधू नका, रॉकेल, कांदा, काडेपेटीचं गूल काहीही चोळू नका. विंचू शोधत बसू नका. प्राझोसिन घरी देऊ नका, त्याचा डोस वजनावर ठरतो.

जवळचं ग्रामीण रुग्णालय आधी गाठा. तिथे पहिली मात्रा मिळाली की गरज पडल्यास पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी हलवता येतं. श्वास जोरात चालला असेल, तोंडातून फेस येत असेल, मूल सुस्त पडत असेल किंवा मुलग्याचं शिश्न ताठ झालं असेल, तर हे डॉक्टरांना दारातच सांगा. शेवटचं लक्षण सांगायला आया लाजतात. पण विष अंगात पसरल्याची ती महत्त्वाची खूण आहे.

तान्ही बाळं सांगू शकत नाहीत. रात्री बाळ अचानक किंचाळून उठलं, घाम फुटला, लाळ गळते आहे, तर अंथरूण झटकून बघा. दंशाची खूण बहुधा दिसत नाही.

प्राझोसिन दिल्यावर पहिले काही तास मुलाला उचलून कडेवर घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरू शकतो. रडणाऱ्या लेकराला खाटेवर तसंच ठेवणं आईला जड जातं, हे मला माहीत आहे. शेजारी बसून हात धरा. बरं होताना दंशाची जागा पुन्हा ठणकू लागते. विष चढलं, असं समजून घाबरू नका. बहुतेक वेळा ते सुधारणेचं लक्षण असतं. तब्येत चांगली वाटली तरी डॉक्टर सांगेपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, घरी जाण्याची घाई करू नका.

मुलांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, जळण आणि विटा भिंतीपासून दूर ठेवा. कंपनीतून येऊन दाराबाहेर काढलेले सेफ्टी शूज विंचवाला फार आवडतात आणि लहान मुलांना त्यात पाय घालून चालायला आवडतं. ते उंचावर ठेवा, घालण्याआधी आपटून घ्या.