कुंपणच शेत खाते तेव्हा

'कुंपणच शेत खाते' ही म्हण आपण मुलांना शिकवतो ती राखणदाराच्या बेइमानीसंबंधी. पण कुंपणांचा इतिहास उलगडू लागलो की ती शब्दशः खरी ठरल्याचे प्रसंग समोर येतात. नागपूरच्या नव्या वस्त्यांत अलीकडे कुठे कुठे पांढऱ्या पीव्हीसीच्या फळ्यांचे, पलीकडचे काही दिसू न देणारे कुंपण उभे राहिलेले दिसते. ही फळी येथवर कशी आली, तिच्याआधी कोणकोणती कुंपणे येऊन गेली आणि त्यांनी काय काय खाल्ले, याचा हा आढावा.

गुरांसाठी कुंपण

आपल्याकडचे जुने कुंपण माणसाच्या नजरेसाठी नव्हते, ते गुरांच्या तोंडासाठी होते. शेताच्या धुऱ्यावर बोराटीचे आणि बाभळीचे काटे रचायचे, पीक निघाले की ते चुलीत घालायचे. एका हंगामापुरतेच हे कुंपण. त्याचा कचरा होत नसे. कायमचे हवे तर करवंद, मेंदी, सागरगोटा किंवा शेर यांची वई लावायची. गुरे तरीही शिरलीच तर कोंडवाडा होता. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने ही व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानात पक्की केली. म्हणजे पिकाचे रक्षण अर्धे काट्याने होई आणि अर्धे कायद्याने.

काट्याचे कुंपण राज्यकर्त्यांच्याही उपयोगी पडले. समुद्राकाठचे स्वस्त मीठ जास्त कराच्या मुलखात चोरून जाऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली. ती मध्य प्रांतातूनही जात होती. तिच्या वायव्येकडील मोठ्या भागात, पंजाबपासून थेट बऱ्हाणपूरपर्यंत, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांची उंच आणि दाट वई वाढवण्यात आली. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गृहस्थ, १८६७ ते १८७० या काळात जकात खात्याचे आयुक्त होते. वाळलेल्या काट्यांऐवजी जिवंत झाडे लावण्यावर त्यांनी भर दिला. या रेषेवर सुमारे १२ हजार माणसे पहाऱ्याला असत. वादळे, वणवे आणि टोळधाडी यांच्याशी झगडत ती वई जगवावी लागे. शेवटी मिठावरील करांतला प्रांताप्रांतांमधला फरक कमी करण्यात आला आणि १ एप्रिल १८७९ पासून ही रेषा बंद झाली. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ महाग करणारे हे कुंपण नक्की कोणाचे शेत राखत होते, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला विचारण्याजोगा आहे.

दोन पाहुणे: निवडुंग आणि बेशरम

या वईतला फड्या निवडुंग मूळचा आपला नाही, तो अमेरिका खंडातला. त्याच्यावर जगणाऱ्या कोचिनिअल नावाच्या किड्यापासून उत्तम लाल रंग मिळतो आणि या रंगाच्या व्यापारावर स्पेनचा ताबा होता. ईस्ट इंडिया कंपनीला तो मोडायचा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले गेले. पण ते रंगासाठी उपयुक्त असलेल्या जातीचे नव्हते, तिच्या भावकीतल्या दुसऱ्याच एका जातीचे निघाले. रंग हलका मिळाला. मात्र या किड्याने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. हे पाहून १८३६ ते १८३८ या काळात तोच किडा मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानात नेऊन सोडण्यात आला. उपद्रवी वनस्पती आटोक्यात आणण्यासाठी कीटकाचा वापर केल्याचे जगातील हे पहिले उदाहरण मानले जाते.

या किड्याने निवडुंगाच्या दुसऱ्या जातीला मात्र हात लावला नाही. कुंपण म्हणून लावलेला हा निवडुंग गायरानांवर आणि पडीक जमिनींवर पसरत गेला. तुटून पडलेले प्रत्येक पान मूळ धरते, आणि बिया पक्षी दूरवर नेऊन टाकतात. १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनिअलची आणखी एक जात आणली गेली आणि काही वर्षांतच या निवडुंगाचा जोर ओसरला. एक किडा एका जातीला खातो आणि शेजारच्या जातीकडे ढुंकूनही पाहत नाही, ही गोष्ट जीवशास्त्राच्या शिक्षकांनी जरूर सांगावी. वर्गीकरण म्हणजे नुसते नावांचे पाठांतर नव्हे, हे मुलांना त्यातून कळेल.

विदर्भाला याहून ओळखीचा पाहुणा म्हणजे बेशरम. नावातच सर्व आले. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली, फिकट गुलाबी फुलांची ही झुडपे फांदी चिखलात खोचली तरी जगतात, आणि पानांतील विषारी द्रव्यांमुळे गुरे सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. कुंपणाला याहून सोयीचे काय असणार? पण ज्या गुणांमुळे बेशरम कुंपणाला चांगली, त्याच गुणांमुळे ती पाण्याच्या काठाला वाईट ठरली. कालवे, नाले आणि पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचे काठ तिने व्यापले. तिथले गवत आणि पाणवनस्पती मागे हटल्या, मासे आणि पक्षी यांचा आसरा आकसला. उपाशी शेळ्यांनी ती खाल्ली तर त्या आजारी पडतात. म्हण इथे अक्षरशः खरी झाली.

नजरेसाठी कुंपण

घराच्या कुंपणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांना आपण ज्याला कंपाउंड म्हणतो ते फारसे नसे. वाड्याची भिंत हीच सीमा. अंगण आत, विहीर आत, बायकांचा वावर आत. रस्त्याकडे फक्त दरवाजा. आडोसा वास्तुरचनेतूनच मिळत होता.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली आणि सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उभे राहिले. बंगल्याची रचना वाड्याच्या नेमकी उलटी. मधोमध घर, भोवती बाग आणि बागेच्या कडेला मेंदीची कापलेली वई. 'कंपाउंड' हा शब्दही याच राहणीबरोबर रुळला. कोशकार तो मलाय भाषेतील 'कांपोंग' या शब्दाशी जोडतात; आपल्या 'कुंपणा'शी त्याचे साम्य कानापुरतेच. पुढे १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आली आणि आखीव भूखंडांचे लेआउट वाढत गेले. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून मधे घर, ही रीत मध्यमवर्गाचीही झाली. हवा आणि उजेड मिळाला, पण घराची भिंत आत सरकली आणि अंगण रस्त्याच्या नजरेला उघडे पडले. नजरेसाठी वेगळे कुंपण लागू लागले ते या बदलामुळे.

काटेरी तारेने हे काम होण्यासारखे नव्हते. अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेली दोन पिळांची तार गुरे अडवते, नजर नाही. तिच्यात विज्ञान मात्र भरपूर आहे. दुसरा पीळ काट्याला जागेवर धरून ठेवतो, आणि पिळामुळे उन्हाथंडीतले प्रसरण-आकुंचन सामावले जाते. तारेवरचा जस्ताचा थर स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. मग विटांची भिंत आली, आणि तिच्या पाठोपाठ पीव्हीसी.

उन्हात जन्मलेले प्लास्टिक

१८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगन बाउमान यांच्या प्रयोगशाळेत व्हिनाइल क्लोराइड वायू काचेच्या नळीत उन्हात राहिला आणि नळीत एक पांढरा घन पदार्थ तयार झालेला दिसला. तेच पॉलिव्हिनाइल क्लोराइड. पण हा कडक, ठिसूळ पदार्थ कशाला वापरावा हे बराच काळ कोणाला सुचले नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सीमन यांनी तो योग्य द्रवात विरघळवून लवचीक करून दाखवला आणि त्याचे युग सुरू झाले. कुंपणाची फळी मात्र कडक पीव्हीसीची असते.

याच्या रेणुसूत्राचा घटक आहे कार्बन २, हायड्रोजन ३, क्लोरिन १. अणुभार मांडले तर वजन येते ६२.५, त्यात क्लोरिनचे ३५.५. म्हणजे जवळजवळ ५७ टक्के क्लोरिन, आणि तो मिठापासून मिळतो! एकेकाळी मीठ अडवण्यासाठी कुंपण होते, आज मिठाचेच कुंपण होते आहे.

ज्या उन्हाने हा पदार्थ जन्माला घातला तेच ऊन त्याला मारतेही. अतिनील किरणांनी साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो, फळी पिवळी आणि ठिसूळ होते. म्हणून तिच्यात स्थिरीकारके आणि टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड मिसळतात. फळ्या बहुधा पांढऱ्या असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

नागपूरची परीक्षा

नागपुरात तापमानाचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंश (२३ मे २०१३) आणि नीचांक ३.५ अंश (२९ डिसेंबर २०१८). फरक ४४ अंशांचा. पीव्हीसीची एक मीटर पट्टी एका अंशाला सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढते. मग २.४ मीटरची आडवी पट्टी ४४ अंशांत ६ मिलिमीटरहून अधिक वाढेल. तेवढीच लोखंडी पट्टी जेमतेम सव्वा मिलिमीटर. उन्हात फळी हवेपेक्षाही तापते. म्हणून खांबाच्या खाचेत पट्टीला सरकायला जागा ठेवावी लागते. डिसेंबरात घट्ट बसवलेले कुंपण मे महिन्यात फुगून वाकते.

दुसरी परीक्षा जमिनीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांबाला वर्षाकाठी थोडे थोडे कलते करते. खड्डा मुरमापर्यंत नेणे आणि पोकळ खांबात गज घालून काँक्रीट भरणे हाच त्यावर उपाय.

तिसरी परीक्षा वाऱ्याची. भारतीय मानकाने नागपूरसाठी धरलेला मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. वाऱ्याचा दाब, चौरस मीटरला न्यूटनमध्ये, वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट धरतात. तो येथे सुमारे ११६० येतो. १.८ मीटर उंच आणि २.४ मीटर लांब अशा सलग फळीचे क्षेत्रफळ ४.३ चौरस मीटर. तिच्यावरील जोर सुमारे ५००० न्यूटन, म्हणजे पाच क्विंटलांच्या वजनाएवढा. मेंदीची वई वारा चाळून पुढे सोडते. सलग फळीला तो सगळा अंगावर घ्यावा लागतो. नजर पूर्ण अडवायची तर वाराही पूर्ण अडतो, आणि मे महिन्यात नागपूरकराला वाऱ्याची किंमत सांगायला नको.

खाण्याचा हिशेब

मग पीव्हीसीचे कुंपण वाईट का? तसे सरसकट म्हणता येणार नाही. त्याला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही, पाणी घालावे लागत नाही. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पण १९७४ मध्ये अमेरिकेतील कारखान्यात व्हिनाइल क्लोराइडच्या संपर्कात असलेल्या कामगारांत यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला, आणि या पदार्थाची खरी किंमत कुंपणापासून फार दूर कोणीतरी मोजत असल्याचे उघड झाले. कारखान्यांतले नियम त्यानंतर कडक झाले. निरुपयोगी झालेली फळी पालापाचोळ्याबरोबर पेटवली तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये हवेत जातात. बोराटीचा काटा चुलीत जात असे, ही फळी जाऊ शकत नाही. निवडुंग आणि बेशरम यांचे खाणे दिसायला काही दशके लागली. पीव्हीसीचे कुंपण खाईल ते कदाचित आपल्या विद्यार्थ्यांच्या पिढीला दिसेल.

शाळेत एक पाहणी करून पाहा. मुलांनी आपापल्या गल्लीतील वीस कुंपणांची नोंद करावी: कशाचे आहे, किती वर्षांचे आहे, खांब सरळ आहे की कललेला, त्यावर कोणते पक्षी आणि किडे दिसतात, आणि ते कोणाला अडवते: गुरांना, चोराला की नजरेला? शेवटी एक रकाना जास्तीचा ठेवावा: हे कुंपण मोडल्यावर कुठे जाईल? या रकान्यात मुले काय लिहितात ते आवर्जून वाचावे.