उललेल्या चेहऱ्याचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

खानदेशाविषयी बोलायचे म्हटले की सगळे उन्हाळ्याविषयी बोलतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की त्याची बातमी होते. पण याच जळगावात डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीचे सपाट खोरे. त्यातून उत्तरेचे कोरडे वारे वाहू लागले की पहिली वर्दी चेहऱ्याला मिळते. तोंड धुतले की गाल ताणल्यासारखे होतात, ओठांच्या कडा चरचरतात, नाकाच्या बाजूची पांढुरकी सालपटे निघू लागतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, उलणे. पाण्यावाचून जमीन उलते, वाळलेले लाकूड उलते, तसा माणसाचा चेहराही उलतो. हा शब्द लक्षात ठेवा, कारण रोगाचे निदान त्या शब्दातच आहे.

जळगाव शहराला लागूनच असलेले असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० साली त्या इथे जन्मल्या. या गावच्या शिवारात ऐन थंडीत कामाचा जोर असतो. कापसाची वेचणी चालू असते, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यावर येतो. पहाटे हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. ही आंब म्हणजे पानांतून पाझरणारे आम्ल. ती उललेल्या हाताला किंवा गालाला लागली की कशी झोंबते, हे हरभऱ्यात काम केलेल्या बाईलाच विचारावे. संध्याकाळी चुलीची धग आणि शेकोटी. वाऱ्याने कोरडा पडलेला चेहरा आगीपुढे आणखी कोरडा होतो. असोद्याच्या भरताच्या वांग्यांचा मोसमही हाच. वांगी भाजायला काड्यांच्या जाळापुढे बसायचे तेही पुष्कळदा बायकांनीच. म्हणून चेहऱ्याची निगा हा आरशापुढचा विषय नाही, तो आधी कष्टाचा विषय आहे, असे मला वाटते.

यावर जुन्या लोकांनी काय उपाय केले? सर्वांत जुना उपाय तेलाचा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा असे सांगितले आहे. हेमंत ऋतूच्या चर्येत तर तो मुद्दाम येतो, आणि अंगावरचे जास्तीचे तेल तुरट द्रव्यांनी काढून मग स्नान करावे असा क्रम दिला आहे. दिवाळीचे तेल आणि उटणे याच विचाराचे आहे. थंडी सुरू होते त्या सुमारास दिवाळी येते. आपण मात्र तो एका पहाटेचा विधी करून ठेवला आणि पुढचे तीन महिने, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा विसरून गेलो.

घरात तेलाशिवाय लोणी, साय आणि तूप असे. माझी आजी दुधावरची साय बोटावर घेऊन आम्हा मुलांच्या गालांना चोपडायची. कोकणात आणि गोव्यात यासाठी कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, भिरंडेल, वापरतात. ते जरा ऊब लागली की विरघळते आणि टाचेच्या भेगेत जाऊन बसते.

पण या सगळ्यांत मला सर्वांत नवलाचे वाटते ते शतधौत घृत. चरकसंहितेत अंगाच्या दाहावर याचा उल्लेख येतो. गायीचे तूप घ्यायचे आणि ते पाण्याने शंभर वेळा धुवायचे, तांब्याच्या भांड्यात घोटून घोटून. हळूहळू तुपाचा पिवळेपणा आणि वास जातो आणि पांढरे, मऊ, थंडगार मलम तयार होते. तुपात पाणी मुरवण्याचीच ही युक्ती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गॅलेनच्या नावावर असेच एक मलम सांगितले जाते. त्यात मधमाशांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी. ते अंगावर लावले की त्यातले पाणी उडून जाताना त्वचेला गारवा वाटतो, म्हणून त्याचे नाव कोल्ड क्रीम. थंडीत लावायचे म्हणून कोल्ड, असे आपण समजतो, ते तसे नाही. स्निग्ध पदार्थात पाणी अडकवून ते त्वचेवर ठेवायचे, ही कल्पना दोन वेगळ्या संस्कृतींना सुचली.

मग बदल झाला तो साबणाने. १८६०च्या दशकात रेल्वे खानदेशात आली आणि मुंबईचा माल इथल्या बाजारात सहज पोहोचू लागला. १८८८ साली इंग्लंडचा सनलाइट साबण कोलकात्याच्या बंदरात उतरला. पहिले महायुद्ध संपता संपता मुंबईत गोदरेजने प्राण्यांची चरबी नसलेला, वनस्पती तेलाचा साबण काढला. साबणाने स्वच्छता आली, रोग हटायला मदत झाली, यात शंका नाही. पण निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचच्या आसपास असतो, आणि नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. गढूळ हात धुवायला जे ठीक, ते थंडीत गालाला सोसत नाही. गंमत अशी की साबण तयार होतानाच ग्लिसरीनही तयार होते, आणि ते त्वचेत ओलावा धरणारे द्रव्य आहे. मोठे कारखाने ते पुष्कळदा वेगळे काढून विकतात. म्हणजे साबणाने चेहरा कोरडा करायचा आणि मग ग्लिसरीनची बाटली वेगळी विकत आणायची!

त्यानंतर मलमांचे युग आले. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चीजब्रो यांनी व्हॅसलिनचे पेटंट घेतले. तेलविहिरींवरचे मजूर यंत्राच्या दांड्यांवर साचणारा चिकट पदार्थ भाजल्या-कापल्यावर लावत, त्यावरून त्यांना हे सुचले. म्हणजे हेही मूळ मजुरांचेच औषध. १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणला. १९२९ साली कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी स्वदेशीच्या भावनेतून बोरोलीन काढले. यातला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. बोरोलीन दाट आणि चिकट, भेगा बुजवणारे. स्नो मात्र चेहऱ्यावर लावताच दिसेनासा व्हावा आणि वर पावडर बसावी, यासाठी केलेला. कोरड्या चेहऱ्याला त्याचा आधार कमी. पण डबीवरचे नाव बर्फाचे आणि स्वप्न गोरेपणाचे, त्यामुळे आपल्याकडे चेहऱ्याला काही लावणे म्हणजे रंग उजळवणे, असे समीकरण होऊन बसले.

याचे दोन तोटे झाले. पहिला असा की शेतात राबणाऱ्या बाईने उललेल्या गालाला काही लावले तर ‘नटते आहे’ असा शेरा पडू लागला. पुरुषाने टाचेच्या भेगेत मेण भरले तर ते औषध, बाईने गालाला मलम लावले तर तो नखरा! दुसरा तोटा जास्त गंभीर. गोरेपणासाठी म्हणून स्टेरॉइड असलेली मलमे दुकानातून परस्पर आणून चेहऱ्याला फासली जाऊ लागली. सुरुवातीला चेहरा खुलल्यासारखा दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल होते, मुरमे उठतात आणि मलम थांबवले की आग होते. देशातल्या १२ केंद्रांवर झालेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरत असल्याचे तीत आढळले. शंभरांत जवळजवळ पंधरा. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. तरी ‘मागच्या वेळची ट्यूब द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक संपलेले नाही.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या शब्दाकडे येऊ. १९५२ साली अमेरिकेत अर्विन ब्लँक या संशोधकाने एक साधा प्रयोग मांडला. वाळून कडक झालेले कातडीचे घट्टे त्याने तेलात ठेवले, ते कडकच राहिले. पाणी मिळाले तेव्हा ते मऊ झाले. त्वचेला मऊ ठेवते ते पाणी. तेलाचे काम झाकणाचे, आतले पाणी उडू न देण्याचे. पाण्यावाचून उलते ते उलणे, हे आपल्या भाषेला ठाऊक होतेच. शंभर वेळा तूप धुणाऱ्यालाही ते हाताने कळले होते.

यातून थंडीने बिघडलेल्या चेहऱ्याची निगा अगदी थोडक्यात सांगता येते. तोंड कोमट पाण्याने धुवावे, कढत नको. साबण सौम्य असावा आणि दिवसातून एकदोनदा पुरे. पंचाने घासू नये, नुसते टिपावे. चेहरा ओलसर असतानाच, दोनतीन मिनिटांच्या आत, बिनवासाचे साधे क्रीम किंवा व्हॅसलिनचा पातळ थर लावावा. कोरड्या गालावर तासाभराने लावलेले महागडे क्रीम त्यापुढे फिके पडते. ग्लिसरीन लावायचे तर पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून, निव्वळ नको. उललेल्या चेहऱ्यावर लिंबू, हळदीचा जाड लेप, खरखरीत उटणे, काहीही चोळू नये. निरोगी त्वचेला जे चालते ते जखमेला चालत नाही. ओठांवरून जीभ फिरवू नये, त्याने ते आणखी फुटतात. वाऱ्यात निघताना तोंडावर पदर, रुमाल किंवा स्कार्फ घ्यावा. आणि दोन आठवड्यांत लाली, खाज वा आग कमी झाली नाही तर दुकानदाराला न विचारता त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवावे.

या सगळ्याला खर्च फार नाही. व्हॅसलिनची लहान डबी थंडीभर पुरते. घरात जी बाई पहाटे हरभऱ्यात किंवा वेचणीला जाते, तिच्या हाताशी ती ठेवावी आणि ती लावताना तिला कोणी काही बोलू नये, एवढे झाले तरी पुष्कळ.