बुलडोझर : इंधनगळतीचे निदान

जुन्या डिझेल बुलडोझरच्या टाकीपासून नोझलपर्यंतच्या मार्गात इंधन नेमके कोठून निसटते, हे निश्चित करण्याची रीत. वर्षानुवर्षे धूळ व तेल यांनी माखलेल्या यंत्रावर डिझेल जेथे ठिबकते तेथेच ते गळत असेल असे नाही; वरच्या सांध्यातून सुटून, नळीच्या अंगाने ओघळत, खालच्या एखाद्या बोल्टाच्या टोकाशी ते थेंब धरते, आणि म्हणून थेंबाजवळचाच नट आवळत बसणे हा निव्वळ कालापव्यय होय. इंजिन प्रथम धुऊन कोरडे करावे, सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी आणि ती सर्वांआधी कोठे ओलावते याची खातरजमा करावी. पुष्कळदा दोष निघतो तो पोकळ बोल्टाखालच्या तांब्याच्या वायसरमध्ये : वारंवार आवळल्याने ती कठीण होते, लाल होईतो तापविल्यास पुन्हा मऊ पडते, तथापि नवी घालणेच श्रेयस्कर.

फीड पंपाच्या शोषणबाजूस सांधा सैल असल्यास मात्र थेंबही न दिसता बाहेरची हवा आत शिरते. रात्रभर उभे असलेले इंजिन सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते, आणि मिस्त्री ‘एअर धरली’ म्हणतात. अशा वेळी मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे पाहावेत.

सर्वांत घातक गळती ती, जी इंजिनाच्या पोटात होते. ऑइल न घालताही पट्टीवर त्याची पातळी चढत असेल, ते पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाचे सील किंवा प्लंजर झिजल्याचा संशय घ्यावा व यंत्र तत्काळ थांबवावे, कारण अशा ऑइलावर बेअरिंगे टिकत नाहीत.

कॅटरपिलरच्या जुन्या डी-७, डी-८ यंत्रांत मुख्य इंजिन फिरविण्यासाठी छोटे पेट्रोल इंजिन असे. त्याच्या कार्ब्युरेटरची सुई नीट न बसल्यास पेट्रोल झिरपत राहते, आणि पेट्रोलाची आग डिझेलपेक्षा कितीतरी सहज भडकत असल्याने काम होताच त्याची तोटी बंद करणे अनिवार्य ठरते.

नोझलकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या नळीस सूक्ष्म छिद्र पडले असता सुटणारा फवारा त्वचा भेदून आत शिरतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. तेथे शोध घेताना पुठ्ठा पुढे धरावा. हात कदापि लावू नये.