पोटातली चौदा इंजेक्शनं

"कुत्र्याच्या नादी लागू नको, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील!" ही धमकी ऐकतच आपल्यातले बहुतेक जण लहानाचे मोठे झाले. गंमत म्हणजे ती लस भारतात बनवणंच डिसेंबर २००४ मध्ये बंद झालं. लस गेली, भीती मात्र राहिली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर कधीच बदललं, पण युजरच्या डोक्यातलं मॅन्युअल अजून जुनंच आहे. आणि या जुन्या मॅन्युअलपायी माणसं "जरासंच तर खरचटलंय, बघू दोन दिवसांनी" म्हणत घरी बसतात. म्हणून आज जरा इतिहास. ही चौदा इंजेक्शनं आली कुठून, आणि पोटातच का?

सुरुवात पॅरिसमध्ये. ६ जुलै १८८५ ला लुई पाश्चरकडे जोसेफ मायस्टर नावाचा ९ वर्षांचा मुलगा आणला गेला. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला ठिकठिकाणी चावलं होतं. रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून पाश्चरनं लस बनवली होती. त्या पोराला तिच्या १३ टोचण्या दिल्या आणि तो वाचला. चावल्यानंतर लस देऊन उपयोग होतो याचं कारण साधं आहे. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे हळूहळू सरकतो. त्याला पोचायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभर तर कधी वर्षही. तो मेंदूत पोचायच्या आत शरीर तयार झालं तर आपण जिंकलो. एकदा लक्षणं दिसली की मात्र माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

भारतात ही सोय १९०० साली आली, हिमालयाच्या पायथ्याशी कसौलीला. आता गेवराईचं उदाहरण घ्या. गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथल्या कुणाला त्या साली पिसाळलेलं कुत्रं चावलं असतं तर काय? बैलगाडीनं निघायचं, गोदावरी ओलांडायची, जालना गाठायचं. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-मनमाड रेल्वे तेव्हा नुकतीच आली होती. मग मनमाड, दिल्ली, कालका, आणि तिथून पुढं डोंगर चढून कसौली. विषाणू एकीकडे नसांतून निघालेला आणि माणूस दुसरीकडे रेल्वेतून, अशी ही शर्यत. गावोगावी जखमेवर चुना, हळद, तिखट भरायचे आणि मांत्रिकाकडे न्यायचे, त्यात नवल ते काय? दुसरं होतं काय हाताशी?

कसौलीचे पहिले प्रमुख डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये यावर तोडगा काढला. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, कार्बोलिक ॲसिडनं मारायचा आणि त्याची लस करायची. मेलेला विषाणू बाटलीत भरून लांब पाठवता येतो. त्यामुळे पेशंटनं लशीकडे जायची गरज संपली, लसच पेशंटकडे येऊ लागली. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही ती बनू लागली. पण ही लस होती कमी ताकदीची, म्हणून डोस मोठा आणि रोज एक, चौदा दिवसांपर्यंत. एवढं औषध कातडीखाली मावायला ऐसपैस जागा लागते, म्हणून पोट! शिवाय त्यात मेंढीच्या मेंदूचा अंश असल्यानं काही जणांना लकव्यासारखा त्रास व्हायचा. म्हणजे आजी-आजोबांची भीती अगदीच खोटी नव्हती बरं का. आणि तरीही याच लशीनं कित्येक लोकांचे जीव वाचवले, हेही विसरायला नको.

दरम्यान सरकारांनी दुसरा उपायही करून पाहिला, कुत्री मारायचा. मुंबईत ब्रिटिश सरकार उन्हाळ्यात एका कुत्र्यामागं आठ आणे द्यायचं. १८३२ च्या जूनमध्ये यावरून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि फोर्टात दंगल झाली. मारणं नंतरही पुष्कळ चाललं, पण रेबीज काही गेला नाही. गोव्यानं उलटी वाट धरली. रस्त्यावरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं घरोघर, गल्लोगल्ली फिरून लस टोचली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथं रेबीजनं एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा 'रेबीज-नियंत्रित' जाहीर झाला. हिशोब असा आहे की भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते.

थोडक्यात, आजचं मॅन्युअल असं:

चावलं, ओरबाडलं किंवा उघड्या जखमेवर चाटलं तर आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५! चुना, तिखट काही नको. मग त्याच दिवशी दवाखाना. लस दंडावर देतात, पाच डोस: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीतली लस असेल तर ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही लागतं, ते आवर्जून विचारा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते.

घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर त्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, बहुधा दरवर्षी. हो, मांजरालाही. "आमची मनी घराबाहेर जातच नाही" हे कारण चालणार नाही. रस्त्यावरून गोंडस पिल्लू उचलून फ्लॅटवर आणलं असेल तर त्याचे दातही दातच आहेत.

सगळ्यात जास्त सुटतो तो शेवटचा डोस. गेवराई तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. पहिला डोस गावात घेतला आणि २८ वा दिवस कारखान्याच्या फडात उजाडला, तर कागद कुठंतरी गाठोड्यात राहतो. त्यांना कुणी सांगायला हवं की उरलेले डोस दुसऱ्या गावातल्या सरकारी दवाखान्यातही घेता येतात, कागद तेवढा जपा. आपलं काय, आपल्याकडे तर मोबाईलमध्ये रिमाइंडर आहे. गेवराईहून कसौलीला जायचा काळ संपलाय, आता दवाखाना रिक्षानं गाठता येतो. तेवढं तरी करूया.

असो. आज घरच्या मनीचं आणि टॉमीचं लशीचं कार्ड काढून तारीख बघा, आणि गावाकडच्या कुणाला अजून चौदा इंजेक्शनांची भीती वाटत असेल तर फोन करून सांगा की ती आता नाहीत.