दक्षिणेचा हिशेब

विद्येला पैसा लागतो, हे सगळेच मान्य करतात. किती लागतो यावर वादही भरपूर होतात. पण थोडा पैसा असेल तर तो कोणाला द्यायचा आणि ते कोणी ठरवायचे, या प्रश्नाकडे आपले लक्ष क्वचित जाते. आज एखादे महाविद्यालय दोन दिवसांच्या चर्चासत्रासाठी अनुदान मागते, दोन विद्यापीठांतले अभ्यासक मिळून एखाद्या लहान प्रकल्पाचा प्रस्ताव पाठवतात, तेव्हा चर्चा रकमेभोवतीच फिरते. पुण्याला मात्र या दुसऱ्या प्रश्नाचा दोनशेहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. पेशव्यांच्या दक्षिणेपासून भांडारकर संस्थेच्या महाभारतापर्यंतचा तो इतिहास सलग वाचला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. छोट्या अनुदानाचे फळ रकमेवर फारसे अवलंबून नसते. परीक्षकाच्या आसनावर कोण बसले आहे आणि त्याचा निवाडा कोणाला तपासता येतो, यावर ते ठरते.

श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची चाल मुळात तळेगावच्या सेनापती दाभाडे घराण्याची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि पुढे ही दक्षिणा पुण्यात पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याशी भिंतीने वेढलेले मोठे आवार होते, त्याला रमणा म्हणत. श्रावणात तिथे देशभरातून हजारो ब्राह्मण जमत. काशीचे येत, कर्नाटकातले येत, तेलंगणातले येत. नामांकित पंडितांची शास्त्र्यांकडून वेगळी परीक्षा होई आणि त्यांना शालजोडी व मोठी रक्कम मिळे. बाकीच्यांना रमण्यातून बाहेर पडताना दारावर हातावर थोडे रुपये पडत. म्हणजे एकाच निधीत दोन वेगळे व्यवहार चालत होते. एक परीक्षेचा, दुसरा निव्वळ दानाचा. विद्येच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या व्यवहाराला अर्थ होता. वेगवेगळ्या प्रांतांतले न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र जाणणारे लोक दरवर्षी एका गावी भेटत, वाद करत, एकमेकांची तयारी जोखत. आजच्या भाषेत त्याला परिषद म्हणता आले असते. दुसऱ्या व्यवहारातून पुण्य मिळाले असेल, विद्या फारशी वाढली नाही.

या परीक्षेची कसोटी किती कडक असावी, हे सांगणारी एक आख्यायिका रामशास्त्री प्रभुणे यांच्याविषयी प्रसिद्ध आहे. दक्षिणावाटप चालू असताना रामशास्त्र्यांचे भाऊ पुढे आले. शेजारी बसलेल्या नाना फडणविसांनी त्यांना वीस रुपये द्यावेत असे सुचवले. रामशास्त्री म्हणाले, इतरांना दोन मिळतात, यांची विद्या त्यांच्याहून अधिक नाही, म्हणून यांनाही दोनच. भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी घरी माझ्या पदरचे देईन. गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, पिढ्यान्‌पिढ्या ती सांगितली गेली, ही बाब महत्त्वाची आहे. सार्वजनिक पैशाचे वाटप करणाऱ्याने आपले नाते दाराबाहेर ठेवावे, हे त्या काळच्या समाजालाही कळत होते. पण त्याच समाजाला एक गोष्ट दिसत नव्हती. रमण्याचे दार फक्त एका जातीसाठी उघडे होते. सुतार, कासार, वैदू, शेतकरी यांच्या ज्ञानाची तिथे परीक्षाच होत नव्हती, मग न्याय कितीही काटेकोर असला तरी तो अर्ध्याच अंगणात होता.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना ही दक्षिणा एकदम बंद करणे धोक्याचे वाटले. त्यांनी ती वर्षाला पन्नास हजार रुपयांपर्यंत खाली आणली आणि तिचा काही भाग शिक्षणाकडे वळवण्याची दिशा धरली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिच्यामागे हाच विचार होता. पुढे १८३० च्या दशकात नव्या नावांना दक्षिणा देणे थांबवण्यात आले. जुने वर्षासनदार जसजसे निवर्तले तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली. इथून या निधीच्या इतिहासाला खरी कलाटणी मिळते. शिल्लक पडलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न पहिल्यांदाच उघड चर्चेला आला.

१८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्यासारखे काही तरुण सरकारकडे अर्ज घेऊन गेले. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे देण्यासाठी वापरावा, अशी त्यांची मागणी होती. पुण्यातल्या शास्त्रीमंडळींचा संताप झाला. परंपरागत हक्क हिरावला जातो आहे असे त्यांना वाटले, आणि वातावरण इतके तापले की सुधारकांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले महार-मांग वस्त्यांतली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. अखेर सरकारने मागणी मान्य केली आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मेजर थॉमस कँडी यांच्यासारखे शिक्षणखात्यातले अधिकारी आणि पुण्यातले शास्त्री मिळून मराठी हस्तलिखिते तपासू लागले. आधुनिक मराठी गद्याच्या बालपणी या बक्षिसांचा आधार लेखकांना मिळाला, हे मान्यच करायला हवे. शास्त्रार्थ जाणणाऱ्या पंडिताला दिला जाणारा पैसा आता सामान्य माणसाच्या भाषेत लिहिणाऱ्याकडे वळला. रक्कम तशी लहानच होती. पण ती कोणत्या भाषेसाठी, हा निर्णय फार मोठा होता.

याच निधीचा आणखी एक प्रवाह विद्यापीठाकडे गेला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि दक्षिणेच्या पैशातून एल्फिन्स्टन कॉलेज व पुण्याचे कॉलेज, म्हणजे पुढचे डेक्कन कॉलेज, इथे दक्षिणा फेलोशिप देण्यात आल्या. फेलोने पुढचे शिक्षण घ्यायचे आणि सोबत खालच्या वर्गांना शिकवायचे, अशी ती रचना होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत दोघांची नावे आहेत. आता कोणी म्हणेल, एवढे बुद्धिमान तरुण या मदतीशिवायही पुढे आलेच असते. आले असते, पण घराची जबाबदारी असलेल्या तरुणाला पदवीनंतर लगेच कारकुनीच्या नोकरीकडे न वळता दोन-चार वर्षे वाचनात घालवता येणे, ही गोष्ट कधीही सोपी नव्हती. तेवढे सोपे करणे एवढेच फेलोशिपचे काम होते. रानडे पुढे वसंत व्याख्यानमालेच्या आणि १८७८ च्या पहिल्या मराठी ग्रंथकार सभेच्या मागे उभे राहिले. ती सभा पुण्याच्या हिराबागेत भरली. भांडारकरांच्या नावाने १९१७ मध्ये संशोधन संस्था उभी राहिली. ज्यांना एकत्र बसून शिकण्याची संधी मिळाली, त्यांनी इतरांना एकत्र बसवण्याच्या जागा उभ्या केल्या.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की छोटी रक्कम वाटून वाया जाते आणि रमणा हाच त्याचा पुरावा आहे. मोजक्या माणसांना भरपूर पैसा द्यावा, म्हणजे काहीतरी ठोस घडते. हा मुद्दा अर्धा खरा आहे. रमण्यात पैसा वाया गेला, कारण दारावर परीक्षा नव्हती, फक्त मोजणी होती. पण परीक्षा असलेली छोटी मदत वाया गेलेली दिसत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचेच उदाहरण घ्या. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. १२५९ हस्तलिखिते पडताळली गेली. पाठ जुळवण्याचे काम पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही चालले. संपादकांत विष्णू सीताराम सुखठणकर, श्रीपाद कृष्ण बेलवलकर, परशुराम लक्ष्मण वैद्य हे होते, तसे बंगालचे सुशीलकुमार डे आणि अमेरिकेचे फ्रँकलिन एजर्टनही होते. पैसा एका जागेवरून आला नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मोठी देणगी जाहीर केली, हैदराबादच्या निजामांनी वर्षाला हजार रुपये अशी अकरा वर्षे मदत केली. एका हिंदू संस्थानिकाची आणि एका मुसलमान संस्थानिकाची मदत एकाच ग्रंथाच्या कामी आली, कारण कामाची पद्धत आधी ठरलेली होती. कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे, हे प्रत्येक पानाच्या तळाशी छापले जात होते. वाचक कोणताही असो, संपादकाचा निवाडा तपासण्याचे साधन त्याच्या हातात दिलेले होते. त्या तळटीपा हाच या आवृत्तीचा खरा जामीन आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवड समितीवर समाजाच्या सगळ्या थरांतली माणसे असावीत अशी मागणी केली, तर विद्वत्तेची पातळी खालावेल, असे अनेकांना मनापासून वाटते. दक्षिणा प्राइझ कमिटीचा इतिहास या शंकेला सरळ उत्तर देतो. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. शेतकरी दांपत्याला फसवणारा जोशी आणि शिक्षणातून त्या दांपत्याला आलेली जाग, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे की कमिटीतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. नाटकात ज्यांच्यावर टीका होती, त्यांच्याच समाजातली माणसे परीक्षकाच्या आसनावर होती. तेव्हा पातळी राखली गेली की गमावली गेली? आज मराठी नाटकाचा आणि सामाजिक विचाराचा इतिहास ‘तृतीय रत्न’ वगळून लिहिता येत नाही. एकाच गोटातल्या परीक्षकांनी गुणवत्तेच्या नावाखाली गुणवत्ताच दाराबाहेर ठेवली. १८८५ मध्ये दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण रानड्यांकडून आले, तेव्हा फुल्यांनी ते पत्राने नाकारले, त्यामागे हाच अनुभव होता. ज्या सभेत आपल्या माणसांचे हक्क मान्य नाहीत, तिथे केवळ खुर्ची मिळून उपयोग नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता.

म्हणून आजच्या अनुदानांकडे पाहताना रकमेचा वाद दुय्यम मानावा, असे मला वाटते. विद्यापीठ अनुदान आयोग असो, भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद असो किंवा एखाद्या महाविद्यालयाचा स्वतःचा निधी असो, चर्चासत्राला वा दोन विभागांच्या सामायिक संशोधनाला दिलेली लहान रक्कम फार मोलाची असू शकते. तिच्यामुळे वेगळ्या गावांतली, वेगळ्या विषयांतली माणसे एका टेबलाशी बसतात, आणि पुढचे मोठे काम बहुतेकदा तिथेच जन्माला येते. पण प्रत्येक निवडीमागे लेखी कारण हवे, नकारामागे तर ते हवेच हवे. परीक्षकांत त्या विषयाबाहेरचे आणि त्या वर्तुळाबाहेरचे लोक हवेत. प्रस्ताव मराठीत आला म्हणून तो मागे पडता कामा नये. १८४९ चा सगळा झगडा याच एका गोष्टीसाठी झाला होता. रामशास्त्र्यांच्या गोष्टीतला न्याय आणि महाभारताच्या पानाखालच्या तळटीपांतला उघडेपणा एकत्र आले, तरच छोट्या पैशातून मोठे काम उभे राहते.

एवढे करण्यात कुचराई झाली तर काय होते, तेही नोंदवलेले आहे. १८५५ मध्ये कमिटीने नाकारलेले ‘तृतीय रत्न’ छापून वाचकांच्या हाती पडायला १९७९ साल उजाडावे लागले. मध्ये एकशे चोवीस वर्षे गेली.